डागांची हजेरी : कोडाईकनाल ते कावलूर

कोडाईकनालला माणसे कशाला जातात? तळ्यात नाव चालवायला, घोड्यावर बसून फोटो काढून घ्यायला आणि घरगुती चॉकलेटची पाकिटे आणायला. आम्ही गेलो सूर्यावरचे डाग बघायला. हे ऐकून आमच्या मेहुणीने कपाळावर हात मारला. "अहो दाजी, डागच बघायचे तर आमच्या घरचे कपडे बघा की! त्याला दोन रात्री गाडीत कशाला बसायला पाहिजे?"

त्याचे कारण सांगितले पाहिजे. आम्ही एकतीस वर्षे पाण्याच्या पंपिंग स्टेशनवर नोकरी केली. दर तासाला टाकीची पातळी, पाण्याचा दाब, मोटरचे अँपिअर वहीत लिहायचे, खाली सही करायची आणि पाळी बदलली की पुढच्या माणसाच्या हाती वही द्यायची. दिवाळी असो, घरात आजारपण असो, रकाना मोकळा राहता कामा नये. निवृत्तीच्या दिवशी सहज म्हणून आम्ही जुन्या वह्यांची चौकशी केली. कळले की त्या कधीच रद्दीत गेल्या. कोणाचे नाव घेऊन उपयोग नाही, जागा लागत होती म्हणे. पण त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. एकतीस वर्षांत आपण नेमके केले काय, हा प्रश्न छातीवर येऊन बसला.

आमची कन्या तेव्हा भौतिकशास्त्र घेऊन बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. पुढे एम. एस्सी. करायचे की ओळखीतून आलेली नोकरी धरायची, यावर घरात रोज बोलणे चाले. आम्ही नोकरीच्या बाजूचे. ती एवढेच म्हणाली, "पप्पा, शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ रोजची नोंद ठेवणारी एक जागा आहे. तिथली एक वहीसुद्धा रद्दीत गेलेली नाही. चला, दाखवते." फंडाच्या पैशातून तीन तिकिटे काढली. सौ.नी भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून घेतली.

जानेवारीची सुरुवात होती. दोन रात्री आणि मधला दिवस गाडीत काढून पहाटे दिंडिगलला उतरलो. तिथून बसने घाट. खाली केळीच्या बागा, वर गेले की निलगिरी आणि पाइनची झाडे, आणि वळणे इतकी की सौ.नी डोळे मिटले ते वर पोहोचल्यावरच उघडले. गावात मराठी कोणाला येत नाही, हिंदी थोडी थोडी. पण चहा मागायला भाषा लागत नाही. मिरचीची भजी तर आपल्यासारखीच मिळतात.

वेधशाळा गावापासून काही किलोमीटरवर, डोंगराच्या माथ्यावर आहे. उंची २,३४३ मीटर. स्थापना १८९९ सालची. झाडांतून पांढरे घुमट दिसू लागले तशी कन्येची चाल वाढली. आवारात एक छोटे संग्रहालय आहे. तिथे आरशांवरून फिरवून आणलेल्या उन्हातून सूर्याची जिवंत प्रतिमा पडते. आम्ही तिच्यापुढे उभे राहिलो. ताटलीसारखा गोल सूर्य आणि त्यावर पाच-सहा काळे ठिपके. सौ. म्हणाल्या, "पडद्यावर माशा बसल्यात का?" माशा नव्हत्या. त्यातला एकेक ठिपका आपल्या पृथ्वीएवढा किंवा तिच्याहून मोठा असू शकतो, असे कन्येने सांगितले, तेव्हा सौ.नी पदर सावरून पुन्हा एकदा नीट पाहिले.

डाग म्हणजे सूर्याला पडलेले भोक नव्हे, की त्याला झालेला रोग नव्हे. चुलीवर वरण रटरटत असते तसा सूर्याचा वरचा थर सतत उकळत असतो, खालची उष्णता वर येत असते. ज्या जागी चुंबकाचा जोर फार वाढतो तिथे हे उकळणे दबून जाते. खालची उष्णता पुरेशी वर येत नाही आणि ती जागा थंड पडते. थंड म्हणजे किती? आजूबाजूला सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस, तर डागाच्या गाभ्यात साडेतीन-चार हजार. तो डाग वेगळा काढून रात्री आकाशात टांगला तर लखलखेल. शेजारच्या उजेडापुढे काळा दिसतो इतकेच. डागात चुंबकत्व आहे हे १९०८ साली अमेरिकेत माउंट विल्सनवर हेल यांनी शोधले. आणि पुढच्याच जानेवारीत, म्हणजे १९०९ मध्ये, इथे कोडाईकनालला जॉन एव्हरशेड यांनी डागाच्या कडेच्या करड्या झालरीत वायू बाहेरच्या दिशेने वाहतो हे दाखवले. जगभरच्या पुस्तकांत आजही त्याला एव्हरशेड परिणाम म्हणतात.

पण आम्हाला त्या शोधापेक्षा हजेरीची गोष्ट अधिक भिडली. १९०४ सालापासून इथे, ढग नसतील त्या प्रत्येक दिवशी, सूर्याचा फोटो काढला जातो. आधी काचेवर, मग फिल्मवर, आता डिजिटल कॅमेऱ्याने. मधल्या काळात दोन महायुद्धे झाली, देश स्वतंत्र झाला, संचालक आले आणि गेले, हजेरी चालू राहिली. एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांनी हे काम केल्याचे सांगतात, आजोबा, मुलगा आणि नातू. लाखाहून अधिक प्रतिमा जपलेल्या आहेत आणि आता त्या संगणकातही उतरवल्या आहेत. रोज सकाळी घुमट उघडणाऱ्या त्या माणसांची नावे शोधांना दिलेली नाहीत. पण एव्हरशेड गेले त्याला किती वर्षे झाली, काचा मात्र अजून कामाला येतात.

ही वेधशाळा उभी राहिली तीही एका दुःखातून. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ मद्रास इलाख्यात पडला तसाच आपल्या दख्खनमध्येही पडला. सोलापूर, सातारा, नगरकडची माणसे खडी फोडून मरत होती. आमच्या घरात आजी कोणाला चिडली की "सत्तरच्या दुकाळातून आलास का?" म्हणायची, ते त्याच दुष्काळाचे असावे. त्यावेळी काही विद्वानांनी असे मांडले की सूर्यावर डाग कमी झाले की मद्रासला पाऊस कमी होतो. लॉकियर आणि हंटर यांनी १८७७ मध्ये 'सूर्यडाग आणि दुष्काळ' या विषयावर लेखच लिहिला. डागांवर नजर ठेवली तर पुढचा दुष्काळ आधी कळेल, या आशेचा दक्षिणेत सूर्याची वेधशाळा काढण्यात मोठा हात होता. ती आशा पुरी झाली नाही. पावसाचे गणित इतके सोपे निघाले नाही. आणि आम्ही आपले मत सांगतो, माणसे उपाशी मरत असताना बंदरांतून गव्हाची पोती बाहेर जात होती, त्याचा जाब सूर्याकडे मागण्याचे कारण नव्हते. पण चुकीच्या आशेने का होईना, वही सुरू झाली.

आणखी एक गोष्ट आपल्या पुण्याची. पुण्यात सायन्स कॉलेजात प्राध्यापक नेगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तख्तसिंगजी वेधशाळा चालवली होती. वीस इंची दुर्बीण, त्या काळात देशात नावाजलेली. ते १९१२ साली निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि सामान इथे कोडाईकनालला पाठवले गेले. म्हणजे पुण्याची वही बंद झाली. एक माणूस निवृत्त झाला म्हणून काम थांबते, हे आम्हाला नवे नाही. निदान ते सामान रद्दीत गेले नाही.

दुपारी घुमटांच्या मागे ऊन खात बसलो. भाकरी-चटणी सोडली. तिथे कन्येने खरा विषय काढला.

"पप्पा, सूर्याचे डाग साधारण अकरा वर्षांनी वाढतात आणि कमी होतात. हे जर्मनीतल्या श्वाबे नावाच्या औषधविक्याने शोधलं. १८२६ पासून सतरा वर्षं, ऊन पडेल त्या दिवशी डाग मोजून. तो बिचारा दुसरंच काही शोधत होता, बुधाच्या आतला एक ग्रह. ग्रह सापडला नाही, हे सापडलं. आता सांगा, त्यानं चार वर्षांत वही बंद केली असती तर?"

"तर डाग नुसते वाढताहेत किंवा नुसते कमी होताहेत, असं वाटलं असतं," आम्ही म्हणालो. टाकीचेही तसेच असते. दोन तासांच्या नोंदीवरून टाकी भरते आहे की गळते आहे हे सांगणारा माणूस नवशिका समजावा.

"मग सूर्य हा एकच तारा. बाकीच्या ताऱ्यांचं काय?"

इथून पुढे तिने जे सांगितले ते आमच्या भाषेत लिहितो. सूर्य जवळ आहे म्हणून त्याचे डाग दिसतात. बाकीचे तारे इतके दूर की मोठ्या दुर्बिणीतूनही बहुतेक नुसता ठिपका. ठिपक्यावरचा डाग दिसायचा कसा? तारा स्वतःभोवती फिरतो. डाग आपल्याकडे आला की ताऱ्याचा उजेड थोडा उतरतो, मागे गेला की चढतो. गरगर फिरणारे दिव्याचे झुंबर डोळ्यांपुढे आणा. त्याच्या एका काचेवर काजळी धरली तर दर फेरीला भिंतीवर एकदा अंधारेल, तसे. १९४७ साली क्रोन नावाच्या अमेरिकन खगोलज्ञाने एका जोडताऱ्याच्या उजेडातल्या असल्याच चढउताराचे कारण डाग असावेत असे सुचवले.

सूर्य या बाबतीत शांत गृहस्थ आहे. त्याचे डाग अगदी भराच्या काळातही दिसणाऱ्या बाजूच्या एक टक्क्याहून कमी जागा व्यापतात. पण काही तारे असे आहेत की त्यांचा दहा, वीस, तीस टक्के चेहरा डागांनी भरलेला असतो. हे तारे एक तर तरुण असतात, नाही तर दुसऱ्या ताऱ्याशी बांधलेले असतात. दोघे एकमेकांना इतके जवळ की ओढाताणीने भराभर फिरतात. सूर्याला एका फेरीला पंचवीस-सत्तावीस दिवस लागतात. वृषभ राशीत एच आर १०९९ नावाची एक जोडी आहे, ती तीन दिवसांच्या आत फेरी पुरी करते. पोटात उकळणारा वायू आणि वरून इतकी गरगर, यातून चुंबकत्वाचा जोर वाढतो आणि डाग वाढतात. जास्त फिरणाऱ्याच्या अंगावर जास्त डाग. सौ. म्हणाल्या, "माणसांचंही तसंच," आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही चटणी मागितली.

आता अडचण पाहा. सूर्याला कधी कधी एकही डाग नसतो, तेव्हा त्याचा स्वच्छ चेहरा आपल्याला ठाऊक आहे. या ताऱ्यांचा चेहरा कधी स्वच्छ असतच नाही. मग उजेड किती कमी झाला हे ठरवायचे कशाच्या मानाने? एका महिन्याच्या नोंदीवरून डाग किती हे सांगता येत नाही, फक्त एका बाजूला दुसरीपेक्षा किती जास्त एवढेच कळते. डाग सगळीकडे सारखे पसरले तर उजेड मुळी हलणारच नाही, आणि आपण म्हणणार तारा निर्मळ आहे! वीस-तीस वर्षे पाहत राहावे, त्यात तारा जितका जास्तीत जास्त उजळ दिसला तो आकडा धरावा, आणि तेवढ्यावर भागवावे. तोही खरा स्वच्छ चेहरा नसेल. म्हणून या विषयात हुशारीइतकीच चिकाटी लागते. दर वेळी शेजारच्या एका स्थिर ताऱ्याशी तुलना करून उजेड मोजायचा, कारण हवा रोज बदलते, यंत्र बदलते, माणूस बदलतो.

जुन्या काचा इथेही कामाला आल्या. अमेरिकेत हार्वर्डला आकाशाच्या फोटोंचा मोठा साठा आहे. १९७८ साली दोघा संशोधकांनी त्यातून बी वाय ड्रॅकोनिस या डागाळ ताऱ्याचा जुना उजेड काढला, आणि पन्नास-साठ वर्षांचा संथ चढउतार दिसला. फोटो काढणाऱ्यांना त्या ताऱ्याची खबरही नव्हती. तो आपला कोपऱ्यात उमटून गेला होता. हे ऐकल्यावर आम्हाला आमच्या वह्या फार आठवल्या. कोण जाणे, कोणी कधी कशासाठी उघडल्या असत्या.

दुसरी रीत अशी की डाग न मोजता चुंबकाची खूण मोजायची. ताऱ्याच्या वर्णपटात कॅल्शियमच्या दोन रेघा असतात. चुंबकत्व वाढले की त्यांच्या मध्यात जास्त उजळ झाक येते. ऑलिन विल्सन यांनी १९६६ पासून माउंट विल्सनवर सूर्यासारख्या ताऱ्यांच्या या रेघा मोजायला घेतल्या आणि पहिला निकाल दिला तो १९७८ साली. बारा वर्षे थांबले! त्यांच्यामागे दुसऱ्यांनी काम २००३ पर्यंत चालवले. शंभराहून अधिक ताऱ्यांची नोंद झाली. साधारण साठ टक्के तारे सूर्यासारखे ठरावीक वर्षांनी चढतात-उतरतात, काही कसेही भरकटतात, काही मख्ख बसून असतात. सूर्यही एकदा मख्ख बसला होता. १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत त्याच्यावर डाग फार क्वचित दिसले.

आणखी एक गंमत. सूर्यावर डाग वाढतात तेव्हा सूर्य एकूण किंचित उजळतो, कारण डागांबरोबर येणारे उजळ पट्टे त्यांच्यावर मात करतात. फरक हजारात एक एवढाच. तरुण, डागाळ ताऱ्यांचे उलटे आहे. तिथे डाग वाढले की तारा मंदावतो. एकाच दुखण्याची दोन घरांत दोन लक्षणे.

कोडाईकनालला दोन दिवस राहून आम्ही कावलूरला निघालो. यात सौ.चा विरोध होता. एक वेधशाळा पाहिली की झाले, असे त्यांचे म्हणणे. पण या दोन जागांचा धागा एकाच माणसाच्या हातात आहे. वैनू बापू. त्यांचे वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत नोकरीला होते. मुलगा शिकायला अमेरिकेला गेला, आणि याच विल्सन यांच्याबरोबर १९५७ मध्ये कॅल्शियमच्या रेघांचा एक नियम दिला, तो विल्सन-बापू परिणाम. १९६० साली ते कोडाईकनालचे प्रमुख झाले. तिथे दिवसाचे काम उत्तम, पण ताऱ्यांसाठी रात्री मोकळे आकाश हवे म्हणून त्यांनी जवादी डोंगरात कावलूर शोधले. १९६८ मध्ये ३८ सेंटिमीटरच्या दुर्बिणीने सुरुवात झाली. पुढे २३४ सेंटिमीटरची मोठी दुर्बीण आली १९८६ साली, तेव्हा बापू हयात नव्हते. १९८२ मध्येच ते गेले. वेधशाळेला आता त्यांचे नाव आहे.

रेल्वेने वाणियंबाडीला उतरलो. कातडी कमावण्याच्या कारखान्यांचे गाव, वास आधी येतो आणि स्टेशन मागून. तिथून बसने आलंगायम आणि पुढे जंगलातला रस्ता. चंदनाची झाडे या डोंगरात आहेत म्हणतात, आम्हाला ओळखता आली नाहीत.

मोठ्या दुर्बिणीचा घुमट पाहून छाती दडपते. पण कन्येला बघायची होती ती छोटीची जागा. १९८० च्या दशकात इथल्या संशोधकांनी ३४ सेंटिमीटरच्या साध्या दुर्बिणीने एच आर १०९९ आणि तिच्या जातीच्या इतर ताऱ्यांचा उजेड वर्षानुवर्षे मोजला. सगळे मोठ्या दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून रांगेत असतात, आणि मोठी दुर्बीण कोणालाही दरवर्षी त्याच ताऱ्यासाठी रात्री देत नाही. रोजची हजेरी छोट्या दुर्बिणीनेच घेता येते. जगभर असेच झाले आहे. कॅनरी बेटांवर तेनेरिफे इथे एक स्वयंचलित दुर्बीण आहे. तिने त्रिकोण तारकासमूहातला एक फुगलेला तारा सोळा वर्षे पाहिला. १९९९ मध्ये त्याच ताऱ्यावर सूर्याच्या सर्वांत मोठ्या डागाच्या हजारो पट मोठा डाग सापडला होता. सोळा वर्षांतून त्याच्या चेहऱ्याचे ९९ नकाशे झाले आणि २०२४ मध्ये निकाल आला की याला सूर्यासारखे चक्रच नाही. डाग येतात, जातात, ताळमेळ काही नाही. सोळा वर्षे पाहून "नाही" हे उत्तर. आम्हाला वाटले संशोधक हिरमुसले असतील. कन्या म्हणाली, "उलट. पाच वर्षांत थांबले असते तर चुकीचं चक्र छापलं असतं."

संध्याकाळी आम्ही वृषभ शोधायला थांबलो. रोहिणीचा तांबडा तारा ओळखू येतो, त्या बाजूला कुठेतरी एच आर १०९९. अगदी काळोख्या आकाशात चांगल्या नजरेला जेमतेम दिसेल इतका मंद. तिचा जो उजेड आज पोहोचतो तो सुमारे शंभर वर्षांपूर्वी निघालेला, म्हणजे कोडाईकनालच्या काचांच्या वयाचा. पण साडेसहाला पूर्वेकडून ढग आले आणि आठपर्यंत सगळे आकाश गोधडीसारखे झाले. एकही तारा नाही. एवढ्या लांब येऊन!

तिथल्या एका कर्मचाऱ्याला आम्ही मोडक्या हिंदीत विचारले, आज तर काम नाही, मग घरी जाणार? तो हसला. म्हणाला, रात्रभर थांबायचे, उघडले तर दुर्बीण लावायची. नाही उघडले तर वहीत लिहायचे, ढगाळ.

"तेही लिहायचं?"

"लिहायचं तर. नाही तर पुढच्याला कसं कळणार, तारा दिसला नाही की आम्ही झोपलो होतो?"

परतीची बस उशिरा मिळाली. खिडकीशी बसून कन्या म्हणाली, "पप्पा, मोटर बंद पडली की तुम्ही काय लिहायचात?"

"बंद. तासाच्या तासाला. बंद, बंद, बंद."

सौ. झोपल्या होत्या. जोलारपेट्टैला पहाटेची गाडी होती, फलाटावर तीन तास काढले. एम. एस्सी.चा फॉर्म तिने घरी आल्या आल्या भरला. आमची सही हवी होती, तारखेसह केली. यादी लागायची आहे.